बिनरुमालाचे अण्णा

मगदूम अण्णांच्या खिशात रुमाल नसतो. घाम आला तर ते बाहीनं पुसतात, हात धुतले तर हवेत झटकतात, आणि सर्दी झाली की खांद्यावर पंचा टाकून कामाला बसतात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, सोनेरी काड्यांचा चष्मा, समोर कॉम्प्युटर आणि खांद्यावर लाल काठाचा पंचा. नवीन माणसाला वाटतं, हे आंघोळीतून तसेच उठून आलेत.

ऑफिसशेजारचा झेरॉक्सवाला दिलीप त्यांना बघितलं की मुद्दाम खिशातून रुमाल काढून झटकतो. अण्णा चिडत नाहीत. म्हणतात, "झटक बाबा. आतनं काय पडतंय ते बघू दे सगळ्यांना."

लोक त्यांना येडा म्हणतात. तोंडावर नाही, पण मी चहा देत फिरायचे, मला ऐकू यायचं. म्हणू देत. त्या येडेपणाची गोष्ट त्यांतल्या कुणालाच नीट माहीत नाही, म्हणून मी लिहिते.

पूर्वी सांगलीच्या बाजारात हळदीचा भाव तोंडानं बोलत नसत. अडत्या आणि खरेदीदार एकमेकांचा हात धरत, वर रुमाल टाकत, आणि रुमालाखाली बोटं दाबून सौदा होई. ज्याची हळद तो शेतकरी शेजारीच उभा असे. त्याला फक्त हलणारा रुमाल दिसे. अण्णांच्या वडिलांची अडत होती, आणि शाळा संपल्यावर अण्णा तिथं बसायला लागले. एकदा एका म्हाताऱ्यानं त्यांना हळूच विचारलं, "लेकरा, माझ्या हळदीचं काय ठरलं रं?" अण्णांना ठरलेला भाव ठाऊक होता, पण तो असा मधेच सांगायची रीत नव्हती. ते गप्प राहिले. त्या संध्याकाळी वडिलांना म्हणाले, मी उद्यापासून येणार नाही. मग करशील काय, असं वडिलांनी विचारलं. ज्यात रुमाल नाही असा धंदा, असं अण्णा म्हणाले. वडील म्हणे पोट धरून हसले. सापडला तर मला पण सांग म्हणाले.

अण्णांना तो सापडला, पण वडील गेल्यावर. ते डेट फंड विकायला लागले. शेअरचा फंड कोणी मागितला तर "पलीकडच्या गल्लीत जावा" म्हणून दार दाखवायचे. डेट फंड म्हणजे काय, ते त्यांनी मला असं सांगितलं. ही शहाण्यांची भिशी. लोकांचे पैसे एकत्र करायचे, सरकारला आणि मोठ्या कंपन्यांना कर्जाऊ द्यायचे, व्याज येईल ते वाट्यानं घ्यायचं. पैसे चालवणारा एक, सांभाळणारा दुसरा, राखणीला तिसरा, आणि तिघांच्या मानेवर सरकारचे नियम. भाव रोज सगळ्यांना दिसतो. "आता ह्यात रुमाल कुठंय, दाखवा," असं म्हणून ते टेबलावर दोन्ही तळवे उताणे ठेवतात.

एवढं चांगलं असून गिऱ्हाईक टिकायचं नाही, कारण अण्णा आधी धोका सांगायचे. खुर्चीत नीट बसायच्या आत माणसाला ऐकवायचे की ज्यांना कर्ज दिलंय त्यांतलं कोणी बुडालं तर तुमचे पैसे कमीही होतील, हे पहिलं ऐका आणि मग पाणी प्या. निम्मे लोक पाणी न पिताच जात. जे थांबत ते जन्माचे थांबत. त्यांत जास्त करून साताऱ्याकडचे रिटायर फौजी आणि फौजींच्या विधवा. महिन्यातून एकदा अण्णा एसटीनं रहिमतपूरला जायचे आणि देवळाच्या ओट्यावर बसून तेच तेच समजावून सांगायचे. पटापट मुंडी हलवणाऱ्याचा फॉर्म घ्यायचे नाहीत. "मुंडी नंदीबैल पण हलवतोय की ओ. तुमी बोलून सांगा, काय कळलं."

मी त्यांच्याकडं अकरा वर्षं झाडलोट करते आणि चहा करते. माझं माहेर रहिमतपूरजवळचं. चौथी झाल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिले, ती राहिलेच. मला चारचौघांत बोलता येत नाही. तोंड उघडायच्या आधीच कान तापतात. म्हणून अण्णांच्या धंद्यात माझं काही काम असेल असं मला स्वप्नातही आलं नसतं.

आधी ते काम वहिनी, म्हणजे अण्णांच्या बायको, करायच्या. दुपारी डबा घेऊन यायच्या आणि अण्णांचं जेवण होईपर्यंत समोर बसायच्या. नवीन कुठलाही कागद आला की अण्णा तो गिऱ्हाइकाला दाखवायच्या आधी वहिनींना समजावून सांगायचे. वहिनी शांतपणे ऐकून म्हणायच्या, "नाही कळलं. परत सांगा." अण्णा परत सांगायचे. कधी कधी तीन तीन वेळा. मी कोपऱ्यात कप विसळत ऐकायचे आणि मनात म्हणायचे, बाई गरीब आहे, पण डोक्यानं जराशी मंदच दिसते.

तीन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. आठ दिवसांनी अण्णा ऑफिसात आले, एक पाकीट फोडलं, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यं बोलले आणि थांबले. मी केरसुणी घेऊन उभी होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "मालनबाई, बसा. ऐका जरा." त्या ऑफिसातल्या खुर्चीवर मी तेव्हा पहिल्यांदा बसले, तीही अर्धी.

त्या दिवसापासून नियम झाला. मालनबाईंना कळल्याशिवाय अण्णा कशावरही सही करणार नाहीत. सगळा बाजार हसला. दिलीप मला रिझर्व्ह बँक म्हणायला लागला. मी लाजेनं सगळ्याला "हो, कळलं" म्हणायचे. पण अण्णा माझ्या तोंडाकडं बघतच नसत, पायाकडं बघत. न कळता हो म्हटलं की माझ्या उजव्या पायाचा अंगठा फरशी उकरतो. चाळीस वर्षं माझा पाय माझ्यापाशी आहे आणि हे मला माहीत नव्हतं. अण्णांना पहिल्या दिवशी समजलं.

मग दिवस बदलले. लोक फोनवरच फंड घ्यायला लागले, त्यात धोका सांगणारं कोणी नव्हतं, त्यामुळे काम सोपं झालं. जुने फौजी एकेक करून जाऊ लागले. भाडं थकलं, तसा जागेचा मालक दोन महिन्यांनी नवीन भाडेकरू बघतो म्हणाला. अण्णांनी तीस वर्षं ज्या खुर्चीत घालवली ती खुर्ची आता राहते की जाते, असं झालं होतं.

तेवढ्यात पुण्याच्या एका कंपनीच्या मॅडमचा फोन आला. त्यांचं म्हणणं असं की डेट फंड तोच राहणार, सरकारी नियमांतला. फक्त तो ब्लॉकचेनला जोडायचा. अण्णांनी सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांचं काम घ्यावं, ऑफिसचं भाडं कंपनी देईल.

ब्लॉकचेन काय ते अण्णांनी चार दिवस वाचलं. पाचव्या दिवशी आले ते नाचतच. म्हणाले, ही एक वही आहे मालनबाई, पण हिच्या प्रती हजार जणांकडं. एकानं लिहिलं की सगळ्यांच्या वहीत उमटतं. लिहिलेलं गुपचूप खोडता येत नाही. "कळलं का? भर चौकात सौदा. रुमाल जळाला ओ, रुमाल जळाला." मला कळलं होतं. अंगठा शांत होता. अण्णांनी त्या दिवशी वडिलांच्या फोटोला हार घातला आणि फोटोला सांगितलं की सापडला.

राहिलं ते टोकन. त्या वहीत यायला, पैसे इकडचे तिकडे हलवायला आणि बाहेर पडायला कंपनीचं टोकन लागणार होतं. अण्णा म्हणाले, हे सोपं आहे, गिरणीचा बिल्ला. बिल्ला म्हणजे गिरणीत हिस्सा नव्हे. बिल्ला दाखवला की दळण मिळतं, एवढंच त्याचं काम. पण हे नुसतं सांगून भागायचं नाही, करून बघायला पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं. मागच्या बोळातल्या गिरणीवाल्याकडून नंबर मारलेले दहा जुने पितळी बिल्ले आणले आणि भिंतीवर कागद चिकटवला. उद्यापासून चहा बिल्ल्यावर. एक बिल्ला, एक कप. सकाळी जो आधी मागेल त्याला बिल्ला फुकट. आपसांत देवघेव करायला मोकळीक. बिल्ल्याशिवाय कप नाही, अण्णांनाही नाही.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दिलीप उजाडताच येऊन चार बिल्ले घेऊन गेला. त्या दिवशी कोरेगावकडचे सुभेदार एसटीनं आले. हे अण्णांचे सगळ्यांत जुने गिऱ्हाईक, सत्तरी ओलांडलेले, मिशा अजून ताठ. त्यांना चहा पाहिजे होता आणि बिल्ला नव्हता. दिलीपनं एका बिल्ल्याला भडंगाचा एक पुडा मागितला. सुभेदार म्हणाले, "आवं, सीमेवर बर्फात चहा फुकट मिळत हुता, आन् सांगलीत भडंग मोजायचं व्हय?" तरी मोजलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पाऊस लागला तर भाव दोन पुड्यांवर गेला. समोरचा शिंपी बिल्ले साठवायला लागला. चहा ज्याला प्यायचाच नव्हता अशी माणसं बिल्ले घेऊन फिरायला लागली. अण्णा खुश. रोज फळ्यावर खडूनं लिहायचे, चहा तोच, बिल्ला दोन पुडे. चहा तोच, बिल्ला तीन पुडे. मला म्हणायचे, बघा, बाजार कसा जिवंत होतो.

ह्या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. मी रोज सगळ्यांचा चहा झाला की कोपऱ्यात उभी राहून माझा अर्धा कप प्यायचे. आता मला बिल्ला कोण देणार? सकाळी मी झाडत असायचे तोवर बिल्ले संपलेले. मागायचं तर तोंड उघडायला पाहिजे. पातेल्यात उरलेला चहा मी मोरीत ओतायचे, कारण नियम तो नियम. चार दिवस माझं डोकं ठणकत होतं.

पाचव्या दिवशी मॅडम आल्या. मला वाटलं होतं कोणीतरी चकचकीत बोलणारी असेल. पण बाई साधी, शांत, ऐकून घेणारी. करारनामा टेबलावर ठेवला. सुभेदार मुद्दाम आले होते, कारण अण्णांनी सही केली की पहिला फॉर्म ते भरणार होते. दिलीप दारात उभा. अण्णांनी पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "एक मिनिट. मालनबाई, बसा."

मॅडमच्या देखत त्यांनी मला सगळं पहिल्यापासून सांगितलं. फंड, वही, बिल्ला. आणि विचारलं, कळलं?

मी हो म्हटलं.

अण्णांनी पेन खाली ठेवलं. "अंगठा उकरतोय. बोला."

मॅडम थांबल्या होत्या. भाड्याचा प्रश्न, अण्णांची खुर्ची, माझी नोकरी, सगळं त्या टेबलावर होतं आणि मला ते दिसत होतं. एक "कळलं" नीट म्हटलं असतं, अंगठा दाबून धरला असता, तर सगळं सुटलं असतं. कान इतके तापले की मला माझाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"चहा मीच करती," मी म्हटलं. "पण चार दिवस झालं, मी चहा प्यायले न्हाई. माझ्याकडं बिल्ला न्हवता."

अण्णांनी चष्मा काढला. दिलीप स्वतःच्या चपलांकडं बघायला लागला. आणि एकदा तोंड उघडलं ते मला मिटता येईना. मी म्हटलं, सुभेदारांचे पैसे फंडात नीट राहतील, चहा तोच राहील, ते मला कळलं. पण उद्या दवाखान्यासाठी काढायला गेले आणि त्या दिवशी बिल्ला महागला, नाहीतर मिळालाच नाही, तर त्यांनी कुणाच्या दारात जायचं? स्वतःच्या घरातनं बाहेर पडायला दुसऱ्याच्या बिल्ल्याची वाट का बघायची? हे मला कळलं नाही.

मॅडम म्हणाल्या की बिल्ला बाजारात केव्हाही घेता येईल, भाव बाजार ठरवेल. अण्णा फळ्याकडं बघत होते. फळ्यावर त्यांच्याच अक्षरात तीन पुडे लिहिलेलं होतं. मग त्यांनी विचारलं, "फंडावर सरकारचा डोळा हाय. वहीवर सगळ्यांचा हाय. बिल्ल्यावर कुणाचा हाय? रुमाल काढा, मॅडम."

बाई सरळ होत्या. म्हणाल्या, "आज तरी तसा कुणाचाच नाही."

अण्णा उठून उभे राहिले आणि त्यांना हात जोडले. म्हणाले, अडतीपासून आजवर लय जणांना म्हटलं, पण मागितल्यावर काढला तुम्हीच. मग करारनामा नीट घडी करून त्यांच्या हातात परत दिला. मॅडम जाता जाता म्हणाल्या की मगदूम, तुम्ही थांबलात म्हणून हे थांबणार नाही.

"न थांबू दे," अण्णा म्हणाले. "माझ्या सहीनं जाणार न्हाई. वही लय चांगली हाय तुमची. बिल्ला तेवढा काढून टाका आणि परत या, मी चालत पुण्याला येतो सही करायला."

त्या गेल्यावर अण्णांनी स्टोव्ह पेटवला. तीस वर्षांत मी काय, कुणीच त्यांना स्टोव्हजवळ बघितलं नव्हतं. चहा फार वाईट झाला होता, साखर विरघळलेलीच नव्हती. मी दोन कप प्यायले. सुभेदारांनी मागितला तर अण्णा म्हणाले, आधी मालनबाईंचं होऊ द्या.

त्या योजनेचं पुढं काय झालं? काही नाही. ती बुडाली असती तर लोकांनी अण्णांना शहाणा म्हटलं असतं. ती बुडाली नाही. दुसऱ्या एकानं काम घेतलं, त्याच्या ऑफिसला काचेचं दार बसलं. म्हणून अण्णा येडे ते येडेच राहिले. मला त्याचं काही वाटत नाही. पूल पडला नाही म्हणून पुलाला कठडा नको, असं म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. अण्णा त्या दिवशीही बरोबर होते आणि आजही आहेत, आणि हे मी आता कान न तापता सांगू शकते.

खुर्ची गेली. ऑफिसात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. अण्णांनी टेबल घरच्या सोप्यात, पुढच्या पडवीत, आणून टाकलंय. सुभेदार येतात, दोन-चार विधवा येतात. मीही जाते. पगार निम्मा आहे, काम त्याहून कमी आहे.

मागच्या महिन्यात एक बाई पेढे घेऊन आली. तिची मुलगी इंजिनिअर झाली होती. वहिनींच्या फोटोपुढं पेढा ठेवून रडायला लागली. मला म्हणाली, आम्हाला गणित ह्यांनी शिकवलं, हायस्कूलला, अख्ख्या शाळेत ह्यांच्यासारखं गणित कुणाला येत नव्हतं.

मी दिवसभर त्या फोटोकडं बघत होते. एवढं गणित येणारी बाई रोज दुपारी समोर बसून म्हणायची, "नाही कळलं. परत सांगा."

काल दुपारी अण्णांनी मला एक नवीन कागद समजावून सांगितला. रोख्यांचे व्याजदर वर गेले की जुन्या रोख्यांचा भाव खाली का येतो, ते. हे त्यांनी मला तीन वर्षांत कितीतरी वेळा सांगितलंय. मला ते आता पाठ आहे. सांगून झाल्यावर त्यांनी कागद बाजूला ठेवला. सोप्यात कोणी नव्हतं. दिवस मावळायच्या आत ते जेवून घेतात, एकटेच, आणि त्यानंतर त्या घरात कुणाचा आवाज नसतो. त्यांनी विचारलं, "कळलं?"

"न्हाई कळलं," मी म्हटलं. "परत सांगा."

अण्णांनी माझ्या पायाकडं बघितलं. अंगठा शांत होता. ते बराच वेळ बघत राहिले, मग खुंटीवरचा पंचा काढून चष्मा पुसायला लागले. सर्दी झालेली नव्हती.

"रुमाल काढा, मालनबाई."

"न्हाई काढत," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा लावला, कागद परत जवळ ओढला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.